दाराआडचं बोलणं

"समुद्रात चालत जानार म्हनं तू?"

जमनाने विळीवरून मान वर न करता विचारलं. तिच्यासमोर परातीत मांदेली होती, आणि ती एकेकीचं डोकं उडवत होती, रोजच्यासारखीच भराभर. जयवंत मडक्यातून पाणी घेत होता. त्याचा हात तिथेच थांबला.

हे वाक्य त्याने एकाच माणसाला सांगितलं होतं, परवा, पालघरला, दार बंद करून घेतलेल्या खोलीत. 'लग्न झालंच तर त्या रात्री समुद्रात चालत जायचं ठरलंय माझं.' ते वाक्य आता आईच्या तोंडून, माशांच्या वासात, जसंच्या तसं परत आलं होतं.

"कोनी सांगितलं?" त्याने विचारलं.

जमनाने परातीतली पुढची मांदेली उचलली. जयवंत आतल्या खोलीत गेला आणि त्याने आपली पत्र्याची ट्रंक उघडली. तळाशी, जुन्या लुगड्याखाली, बापाचा निळा सदरा असायचा. लुगडं होतं, सदरा नव्हता. मागच्या पडवीत चुलीशी गेला तर राखेत दोन बटणं पडली होती, काळी झालेली. सदऱ्याबद्दलही त्याने पालघरच्या त्या खोलीतच सांगितलं होतं.

या माणसाला घरात आणि सगळ्या दांडी गावात जयवंती म्हणत. जन्म मुलीचा, शाळेच्या दाखल्यावर नाव मुलीचं. पण कळायला लागल्यापासून तो मनातल्या मनात स्वतःला जयवंत म्हणत आला होता. ही हकीकत त्याची आहे, म्हणून इथे त्याला 'तो'च म्हणायचं.

बाप पुंडलिक तांडेल होता, स्वतःच्या होडीचा मुख्य. जयवंत लहान असताना बाप त्याला खांद्यावर घेऊन होडीत बसवायचा, सुकाणूला हात लावू द्यायचा. बाकीचे खलाशी हसायचे, पण तांडेलापुढे बोलणार कोण? मग एका पावसाळ्यानंतर, होड्या पुन्हा पाण्यात लोटायच्या दिवशी, जयवंत सवयीने पुढे धावला तेव्हा बापाने त्याचा दंड धरला. "आता तू शहानी झाली. होडीत पाय ठेवायचा नाय," एवढंच म्हणाला आणि तोंड फिरवलं. त्या दिवसापासून जयवंत किनाऱ्यावरचा झाला. बोंबील बांबूच्या वलांडीवर टांगायचे, वाळले की उतरवायचे, टोपल्या भरायच्या. बायकांमध्ये बसायचं, त्यांच्या गप्पांत हसायचं आणि बोलताना जपायचं. 'मी जाते' म्हणायला त्याची जीभ वळत नसे आणि 'मी जातो' म्हणायची सोय नव्हती. त्यामुळे तो 'जायचंय', 'झालं माझं', 'नको मना' असं बोलायचा. लोकांना वाटे, पोरगी तुटक आहे.

पुंडलिक काविळीने गेला आणि घर थोरला मुलगा कमलाकांत याच्या हातात आलं. जयवंतला बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, गोळ्यांच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम लागलं. तिथे सगळ्यांना सारखाच पांढरा कोट आणि डोक्यावर टोपी. पाळीभर तो त्या कोटात असायचा आणि कुणी त्याच्याकडे वळून बघत नसे. कारखान्याबाहेरच्या नाल्याचं पाणी कधी तांबडं असे, कधी हिरवट. वास डोक्यात भिनायचा. पण जयवंतला दिवसातली बरी वेळ तीच वाटायची.

एकोणनव्वद साली सातपाटीचं स्थळ आलं. दोन होड्यांचं घर, मुलाचा बाप मच्छीमार सोसायटीत वजनदार. कमलाकांतला त्या सोसायटीत आपला पाय रोवायचा होता. जयवंत नको म्हणाला. का नको, ते सांगता येईना. जमनाने अंगारा आणला, उतारा टाकला. कमलाकांतने हात उगारून पाहिला. शेवटी कुणीतरी त्याच्या कानात पालघरच्या डॉक्टरचं नाव घातलं.

स्टेशनपासून लांब, नारळाच्या झाडांमागे ते दुमजली नर्सिंग होम होतं. डॉक्टर गोरे, गोड बोलणारे. त्यांनी कमलाकांतला बाहेर बसवलं, जयवंतसाठी चहा मागवला आणि दार लावून घेतलं. "इथलं इथेच राहील, बाळ," ते म्हणाले. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्याला 'तुझ्या मनात काय आहे' असं विचारत होतं. जयवंतने सगळं ओतलं. होडी, सदरा, आरशासमोर सदरा घालून उभं राहणं, स्वप्नात स्वतःला येणाऱ्या मिशा, समुद्राचं ते वाक्यही. डॉक्टर मान डोलवत होते. निघताना त्याला इतकं हलकं वाटलं की व्हरांड्यात त्याचे पाय अडखळले.

व्हरांड्यातल्या बाकावर त्याच्याच वयाची एक मुलगी बसली होती. तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती आणि शेजारी बसलेली बाई ती पदराने टिपत होती. मुलगी जयवंतकडे बघून हसली.

"मी आज जेवले का?" तिने त्याला विचारलं. पुन्हा विचारलं, "जेवले का हो मी?"

"जेवलीस गं, जेवलीस," बाई म्हणाली आणि जयवंतकडे न बघता तिने मुलीची मान दुसरीकडे वळवली.

डॉक्टर कमलाकांतला काय म्हणाले ते जयवंतला सदरा जळाल्यानंतर, तुकड्या-तुकड्यांनी कळलं. आजार जुना आहे पण बरा होतो. आधी गोळ्या. मग ठेवून घेऊन शॉक द्यायचे. लग्नाच्या आधी पोरगी सरळ होईल, सगळं विसरेल.

सगळं विसरेल, हे कमलाकांतने फार समाधानाने सांगितलं.

गोळ्या सुरू झाल्या. जमना समोर उभी राहून गिळायला लावायची आणि मग तोंडात बोट घालून गालात काही राहिलंय का ते बघायची. जयवंतची जीभ जड झाली, हात कापू लागले. कारखान्यात पट्ट्यांवरून गोळ्या सरकत यायच्या आणि त्याला त्या दोन-दोन दिसायच्या. एका सकाळी तो मशीनवरच कोसळला.

"अरे, पानी लाओ कोई! मशीन बंद करो!" सुपरवायझर ओरडत होता.

शेजारच्या टेबलावरच्या मैनाबाईने त्याला ओढून बाजूला घेतलं. मैनाबाई जळगावकडची, वयाने मोठी, चाळीत राहणारी. तिने त्याच्या कापणाऱ्या बोटांकडे बराच वेळ पाहिलं.

"असं गोळ्यांनी होतं. कोण देतं तुला?"

जयवंतने बोटं कोटाच्या खिशात लपवली.

"नको सांगू. पण ऐक. आमच्या ह्यांच्यासमोर मागं कारखान्यात टाकी फुटली होती. त्यानंतर माणूस झोपतच नव्हता, नुसता दाराकडे बघत बसायचा. इथल्या ट्रस्टच्या दवाखान्यात दर बुधवारी घोलवडहून एक म्हातारी डॉक्टरीण येते. पारशीण आहे. तिनं झोपवलं त्यांना. नुसतं बोलून बोलून."

बोलून, हा शब्द ऐकूनच जयवंतला पालघरची ती खोली आठवली. पण त्या गोळ्यांचं काहीतरी करायलाच हवं होतं. बुधवारी त्याची पाळी लवकर सुटायची. तो गेला.

दवाखान्याची मागची खोली, एक टेबल, कुरकुरणारा पंखा. टेबलामागे पांढऱ्या केसांची, फुलाफुलांचा फ्रॉक घातलेली बाई. डॉक्टर फ्रेनी. तिने चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाली, "आला? बस ने, डिकरा."

जयवंत दारातच खिळला. 'आला.' हिला कसं कळलं? कुणी सांगितलं? पहिला विचार आला तो हाच, की पालघरचं बोलणं इथपर्यंत पोचलं. तो उलट पावली निघणार होता. पण पाय जड झाले होते, म्हणून तो खुर्चीत बसला आणि फक्त झोपेबद्दल बोलला. हात कापतात, जीभ जड होते. गोळीचा कागद दाखवला.

फ्रेनीबाईंनी कागद वाचून ओठ आवळले. "एकदम बंद नाय करायची. एकदम बंद केली तर आणखी त्रास. आधी अर्धी. मग आणखी कमी. मी सांगते तसं." मग त्या जरा पुढे झुकल्या. "बाकी काय सांगायचं असेल तर सांग, नसेल तर नको सांगू. तू इथे काय बोलतो ते या दाराबाहेर जाणार नाय. फक्त एक गोष्ट. तू जीव द्यायला निघाला असं मला वाटलं, तर मी गप्प नाय बसणार. पण तेव्हापण आधी तुला सांगणार, मग दुसऱ्याला."

गोड काहीच नव्हतं त्या बोलण्यात. चहाही नव्हता. जयवंत बाहेर आला तेव्हा त्याने ठरवलं होतं की हिलाही तपासायचं.

पुढच्या बुधवारी त्याने एक खोटी गोष्ट सांगितली. होळी झाली की सुरतेला पळून जायचंय, तिथे कारखान्यातली जुनी मैत्रीण राहते, कपडे बांधून ठेवलेत. फ्रेनीबाईंनी ऐकून घेतलं, मैत्रिणीचं घर सुरक्षित आहे का तेवढं विचारलं.

मग तो वाट पाहू लागला. रोज कामावरून घरी यायचा आणि उंबऱ्यातच कान टवकारायचा. जमना भात वेळताना काही बोलली की त्याला वाटे, आता 'सुरत' म्हणेल. कमलाकांत खुंटीवरची पिशवी काढायला वळला तरी तो मागच्या दाराकडे सरकायचा. गोळी अर्धी करायची तर आईचं बोट चुकवायला हवं होतं. एका संध्याकाळी अर्धा तुकडा गालात ठेवून त्याने तोंड उघडलं. जमनाचं बोट आत आलं आणि त्या तुकड्यावर थांबलं. तिला तो लागला होता, यात शंकाच नव्हती. तिने बोट काढलं, पदराला पुसलं आणि म्हणाली, "गिळली. जा आता, वलांडीवरचे बोंबील उतरव." कमलाकांत दारात उभा होता, त्याने मान हलवली.

दांडीत होळी म्हणजे वर्षाचा सण. होड्यांना पताका लागल्या, बायका नटून नाचल्या, अख्खं गाव किनाऱ्यावर लोटलं. जयवंतवर कुणाचीच नजर नव्हती. होळी झाली, धुळवड झाली, कुणी दाराला कडी घातली नाही, कुणी त्याचे कपडे तपासले नाहीत.

बुधवारी तो खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला, "सुरतेचं खोटं होतं."

"बरं केलंस," फ्रेनीबाई म्हणाल्या. त्यांना जराही राग आलेला दिसला नाही. "कोणी तरी तुझा विश्वास मोडला असणार. तू माझी परीक्षा नाय घेणार तर काय करणार?"

मग जयवंतने ते विचारलं, जे पहिल्या दिवसापासून त्याला टोचत होतं. "तुमी पहिल्यांदा मना 'आला' म्हनालात. का?"

म्हातारी आधी गोंधळली, मग खळखळून हसली. "अरे, मला मराठीतलं बाई-पुरुष काय कधी जमलंच नाय! मी खुर्चीला 'तो' म्हणते, कलेक्टरला 'ती' म्हटलं होतं एकदा. सगळ्यांना मी 'आला' म्हणते."

जयवंतचा चेहरा उतरला. तिने ते पाहिलं आणि तिचं हसू थांबलं.

"तुला काय पायजे?" तिने हळू विचारलं. "मी काय म्हणू?"

तो एवढंच म्हणाला, "मी आलो."

"तू आलास," फ्रेनीबाई म्हणाल्या. शब्द त्यांनी नीट जुळवून, सावकाश म्हटला. "आजपासून तुझ्या बाबतीत माझी ही चूक नाय. मी जाणून बोलते. नाव काय तुझं?"

"जयवंत."

त्याने स्वतःच्या आवाजात ते नाव पहिल्यांदाच ऐकलं. पुढे तो फार बोलू शकला नाही, नुसता रडला. फ्रेनीबाई टेबलाच्या पलीकडे बसून राहिल्या. नंतर त्यांनी सांगितलं ते सरळ होतं. हा आजार नाही, म्हणून याला औषध नाही. झोपेला आहे, भीतीला थोडंफार आहे. त्याच्यासारखी माणसं त्यांनी मुंबईच्या इस्पितळात पाहिली होती, काही त्यांच्याकडे वर्षानुवर्षं येत राहिली. शरीराचं पुढे काय करायचं, काही करायचं की नाही, त्याला आता घाई नाही. "आधी तू जिवंत राहायचं आणि तुझं डोकं तुझ्याजवळ राहायला पायजे. ते पालघरचं मला फार वाईट दिसतंय, डिकरा. कुठे न्यायला लागले तर जाऊ नको."

घरी मात्र लग्नाचा दिवस जवळ येत चालला होता. गावातल्या कुणीतरी जयवंतला दवाखान्यात शिरताना पाहिलं. कमलाकांत आपली मोटरसायकल काढून बोईसरला गेला आणि दिवे लागायच्या सुमाराला परत आला तो चपला भिरकावतच.

"थेरडी नुसती दगड हाय!" तो जमनावर ओरडत होता. जयवंत आतल्या खोलीत टोपलीचे बंद सोडत बसला होता. "म्हटलं, माझी बहीन तुमच्याकडं काय बोलते ते सांगा. तर म्हनते, इथं कोन येतो नि कोन जातो, तेपन मी सांगत नाय. पालघरचे डाक्टर बघ, एवढे मोठे, पन कसं सगळं इस्कटून सांगतात!"

जयवंतच्या हातातला बंद तसाच राहिला. आता कमलाकांत थांबणार नव्हता, हे त्याला कळत होतं. पण त्याच क्षणी त्याला असंही वाटलं की भिंतीपलीकडे ओरडणाऱ्या आपल्या भावाला जाऊन मिठी मारावी. त्याच्या त्या चडफडाटाइतकी फ्रेनीबाईंच्या शब्दाची खात्रीची साक्ष दुसरी कुणी दिली नसती.

त्यानंतर कमलाकांत एकदम गोड झाला. जयवंतला तेच जास्त लागलं. जेवताना मासा पुढे सरकवायचा, कामाचं विचारायचा. एका सकाळी म्हणाला, "आज रजा टाक. पालघरला लग्नाच्या साड्या घ्यायला जाऊ. एकनाथ टेंपो घेऊन येतोय."

एकनाथ म्हणजे कमलाकांतचा दोस्त, मासे वाहणारा. पुढे ते दोघे बसले, मागे जमना आणि जयवंत. बर्फाचं पाणी टेंपोच्या फळ्यांत मुरलेलं होतं. जमनाने मांडीवर कापडी पिशवी धरली होती आणि रस्ताभर ती खाडीकडे बघत होती. उमरोळीच्या आसपास टेंपोला हिसका बसला, पिशवी कलंडली. जमनाने ती सावरली नाही. आत दोन गाऊन होते, टॉवेल, फणी, खोबरेलाची बाटली, ताटली आणि पेला.

साड्या घ्यायला निघालेलं माणूस ताटली-पेला घेत नाही. जयवंतने आईकडे पाहिलं. जमनाचे डोळे अजून खाडीकडेच होते, पण पिशवीचं तोंड तिने तसंच, उघडं, त्याच्या बाजूला ठेवलं होतं.

त्याला बाकावरची ती मुलगी दिसली. जेवले का हो मी?

पुढे रेल्वेचं फाटक पडलं. टेंपो थांबला, मागेपुढे सायकली, बैलगाडी, एक ट्रक. मालगाडी येत होती. जयवंत उठला आणि फळीवरून खाली उडी मारली. जमनाने हात पुढे केला नाही.

"ए जयवंते!" कमलाकांत दार उघडून धावला. त्याने जयवंतचं मनगट पकडलं. "कुठं चालली? बस आत!"

"मी येनार नाय," जयवंत म्हणाला. मालगाडीच्या धडधडाटात त्याला स्वतःचा आवाज मोठा करावा लागला. "मी चाललो. आयकलंस, दादा? मी चाललो!"

कमलाकांतचा हात उठला आणि जयवंतच्या कानशिलावर बसला. दुसरा बसणार एवढ्यात सायकलीवरून कामावर निघालेले दोघे-तिघे उतरले. एकाने कमलाकांतचा दंड धरला.

"अरे भाई, लड़की पे हाथ उठाता है? शरम नहीं आती?"

ज्या शब्दाखाली तो जन्मभर गुदमरला होता, त्याच शब्दाने त्या दिवशी त्याला वाचवलं. जयवंतने मनगट सोडवून घेतलं आणि तो चालायला लागला, रुळांच्या कडेने, उमरोळी स्टेशनच्या दिशेने. मागे वळून बघायची त्याची छाती झाली नाही. टेंपोचा हॉर्न बराच वेळ वाजत होता.

मैनाबाईने त्याला ठेवून घेतलं. काय झालं ते तिने विचारलं नाही, नवऱ्याला बाहेरच्या खोलीत झोपायला लावलं आणि दाराला आतून फळी लावली.

बुधवारी कमलाकांत दोन माणसं घेऊन दवाखान्यात आला. फ्रेनीबाईंना ते येतील असा अंदाज होताच. त्यांनी आधीच जयवंतला विचारून घेतलं होतं, "मी काय सांगू? किती सांगू? नाय म्हणाला तर काय नाय सांगणार." जयवंतने विचार करून सांगितलं होतं. तो पडद्यामागे उभा होता.

"माझ्या बहिनीला वेड लागलंय, तिला बाहेर काढा," कमलाकांत म्हणाला.

"तो वेडा नाय," फ्रेनीबाई म्हणाल्या. "तो सज्ञान आहे, कमावता आहे, आणि त्याला तुमच्याबरोबर यायचं नाय. त्याला जबरदस्तीने कुठे ठेवलं तर मी पोलिसात जाणार, आणि ठेवणाऱ्या डॉक्टरचं नाव घेऊन जाणार."

"तो? तो कोन?"

"ज्याच्याबद्दल तुम्ही विचारता तो."

कमलाकांत टेबलावर दोन्ही हात टेकून वाकला. आवाज त्याने अजिबात चढवला नाही. "बाई, तुमी घोलवडवरनं गाडीनं येता ना? एकट्या येता. वय झालंय तुमचं."

"हो," फ्रेनीबाई म्हणाल्या. "एकटीच येते."

ते गेले. पुढच्याच आठवड्यात दवाखान्याच्या खिडकीची काच फुटली. मग ट्रस्टच्या लोकांना कुणी जाऊन भेटलं, आणि पावसाळा लागायच्या आत बुधवारची खोली बंद झाली. कारखान्यानेही जयवंतला कमी केलं, कारण सांगितलं नाही.

त्याने केस कापले आणि वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला, सुताच्या कारखान्यात, जयवंत पुंडलिक म्हणून बदली कामगाराची नोकरी धरली. उत्तरेकडच्या मजुरांच्या चाळीत खोली घेतली. तिथे त्याला 'ए जयवंत भाई' अशी हाक यायची. पहिल्यांदा ऐकली तेव्हा कितीतरी वेळ तो नळावर भरलेली बादली तशीच धरून उभा राहिला. आणि तरी खोलीत शिरताना आधी कोपरे बघायची सवय त्याला तिथेच लागली.

जमनाने त्याला हुडकून काढलं ते वर्षभराने. डोक्यावर टोपली घेऊन, "सुके बोंबील घ्या, बोंबील" करत ती त्या गल्लीत आली, त्याच्या दारात टोपली उतरवली. त्याचे केस, शर्ट, गालफडं, सगळं तिने एकदा पाहिलं.

"कमल्याला खोली कळलीय गो तुजी," ती बोंबील मोजत असल्यासारखी खाली बघून म्हणाली. सातपाटीचं स्थळ मोडल्यावर सोसायटीत कुणी त्याला उभं करत नव्हतं, आणि ते सगळं तो जयवंतच्या खात्यावर मांडत होता. "तिघं-चौघं येनार हायत. आज नाय तर उद्या. जा इथनं. लांब जा."

"आये, तू आत ये. बस जरा."

"बसाया नाय आले." तिने कागदात बोंबील बांधून त्याच्या हातात दिले. सदऱ्याबद्दल ती काही बोलली नाही, त्यानेही काही विचारलं नाही. ती टोपली उचलून निघाली तेव्हा नळावरच्या एका बाईने तिला विचारलं, "मौसी, आप जयवंत को जानती हो? कौन है आपका?"

"गिऱ्हाईक," जमना म्हणाली आणि गल्लीच्या तोंडाशी वळून दिसेनाशी झाली.

जयवंत त्याच दुपारी निघाला. वापीला कागदाच्या कारखान्यात त्याला काम मिळालं आणि पुढची वर्षं तो तिथेच राहिला. जमना त्याला पुन्हा भेटली नाही. ती गेल्याचं मैनाबाईकडून कळलं, तेही बारावं होऊन गेल्यावर.

पण वापीहून घोलवड लांब नव्हतं. रविवारी सकाळी तो पॅसेंजरने उतरायचा आणि चिकूच्या वाडीतून फ्रेनीबाईंच्या घरी जायचा. व्हरांड्यात वेताच्या दोन खुर्च्या असत. त्या खुर्च्यांत बसून त्याने बापाबद्दल बोलायला सुरुवात केली, मग आईबद्दल. एका खुर्चीत बसून माणसाला इतकं रडता येतं हे त्याला ठाऊक नव्हतं. मुंबईतल्या एका शल्यचिकित्सकाचं नाव फ्रेनीबाईंनी दिलं, तेही त्याने दोनदा विचारल्यावर. त्र्याण्णव साली त्याच्या छातीचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आला तेव्हा खाटेशेजारी म्हातारी पेपर वाचत बसली होती.

त्याच वर्षी, दिवाळीनंतरच्या एका रविवारी, तो वाडीत शिरला तर व्हरांड्यात खुर्च्या नव्हत्या. फ्रेनीबाई दारातच उभ्या होत्या.

"मोटरसायकलवरून एक माणूस आला होता," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी. तुझा भाऊ नाय, दुसराच कोणी. म्हणाला चिकू पायजेत. मी म्हटलं, देते. मग झाडं बघायची सोडून घरच बघत होता. विचारलं, रविवारी तुमच्याकडे कोण येतो?"

जयवंतने मागे, फाटकाकडे पाहिलं. "तुमी काय सांगितलं?"

"सांगितलं, शेरभर घेणार की दोन शेर?"

वाडीत वारा नव्हता. लांब, फाटकापाशी, रस्त्यावर एक इंजिन सुरू झालं. ते या घरासाठी होतं की कुणाचं भलतंच, हे इथून कळत नव्हतं. दोघांनी ते दूर जाईपर्यंत ऐकलं. मग फ्रेनीबाईंनी त्याला आतल्या खोलीत नेलं, वाडीकडची खिडकी ओढून घेतली आणि कडी घातली. खुर्च्या त्यांनी आधीच आत आणून समोरासमोर मांडल्या होत्या.

"बस," त्या म्हणाल्या. "हं, सांग. आठवडा कसा गेला?"

जयवंतने एकदा खिडकीकडे पाहिलं. मग तो बोलू लागला.